वेझरच्या काठी, जुन्या व्हॅनच्या शोधात

उत्तर जर्मनीतील हानोफर शहराहून हामेल्नला जाणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरांचा आहे. शहराची शेवटची घरे मागे पडली की दोन्ही बाजूंना गव्हाची आणि साखर-बीटाची सपाट शेते लागतात. मग डाइस्टर नावाची डोंगरांची एक बुटकी रांग आडवी येते, आणि ती मागे टाकून पुढे गेले की लाकडी चौकटींच्या घरांचे हामेल्न आणि त्याच्या कुशीतून संथ वाहणारी वेझर नदी दृष्टीस पडते. बासरीच्या नादाने आधी उंदीर आणि मग गावची मुले घेऊन गेलेल्या बासरीवाल्याची कथा आपण लहानपणी ऐकली असेल. ती याच गावची. कथेप्रमाणे हा प्रकार १२८४ साली घडला.

सुटीच्या दिवशी या रस्त्याने आपण गेलात, तर एक गोष्ट आपल्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. नव्या, चकचकीत मोटारींच्या रांगेत मधूनच एखादी गोल चेहऱ्याची, दोन रंगांत रंगविलेली जुनी व्हॅन पाठीमागून फटफट आवाज करीत चढ चढत असते. तिच्या मागे आठदहा गाड्या खोळंबलेल्या असतात, आणि नवल असे की, कोणी भोंगा वाजवीत नाही. तिचे लाडके नाव ‘बुली’.

ही व्हॅन याच मुलखाची लेक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवागनच्या कारखान्यात सामान इकडून तिकडे नेण्यासाठी एक उघडा, सपाट गाडा वापरीत असत. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने तो पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका डबेवजा गाडीची आकृती काढली. चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सारी जागा मोकळी, एवढीच तिची कल्पना. मार्च १९५० मध्ये ती गाडी प्रत्यक्ष तयार होऊ लागली. तिचे हवेने थंड होणारे इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते. मागणी इतकी वाढली की, १९५६ मध्ये केवळ या व्हॅनसाठी हानोफरला स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तिच्या एका प्रकाराला ‘कोम्बी’ म्हणत. आठवडाभर माल वाहावा आणि रविवारी बाके बसवून घरची मंडळी न्यावी, असा दुहेरी उपयोग त्या नावात अभिप्रेत आहे. अनुवादाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या मराठी कानाला मात्र ते नाव ऐकताच जिच्यात माणसे कोंबावीत ती कोंबी, असेच वाटते. आणि हा अर्थही काही अगदीच चुकीचा नाही!

आपल्याशीही या कुळाचे एक दूरचे नाते आहे. हांबुर्गमधील हारबुर्ग येथील टेम्पो कारखान्याने १९४९ मध्ये ‘मॅटाडोर’ नावाची व्हॅन काढली. आरंभी तिला इंजिन फोक्सवागनचेच होते. पुढे १९५८ मध्ये याच टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली, आणि १९६९ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीहून मॅटाडोर देशभर जाऊ लागल्या. ‘टेम्पो’ हा शब्द तर आपण इतका आपलासा केला आहे की, तो एका कारखान्याचे नाव होते हे आता कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

मी ज्या कुटुंबाकडे पाहुणा म्हणून उतरलो होतो, ते अशाच एका जुन्या व्हॅनच्या शोधात होते. नवरा-बायको, नऊ आणि सहा वर्षांचे दोन मुलगे आणि दीड वर्षाची एक मुलगी. एरवी सर्वांचा प्रवास सायकलींवर आणि ट्रॅममधून होई. परंतु पाच माणसे, तंबू आणि बाळाची ढकलगाडी घेऊन समुद्रावर जायचे म्हटले की पंचाईत होत असे. यजमानांचे बालपण वडिलांच्या बुलीत गेले होते, तेव्हा त्यांचे मन कोठे गुंतले होते हे सांगावयास नको. त्यांच्या पत्नीचा प्रश्न मात्र एकच होता आणि तो त्या प्रत्येक विक्रेत्याला विचारीत: “धाकटीचे आसन बांधायचे कोठे?”

वाचकहो, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण जुनी व्हॅन संसाराला उपयोगी पडेल की नाही, हे त्याच्या उत्तरावरच ठरते. जर्मनीत नव्या मोटारींच्या पुढील आसनांना सुरक्षा-पट्टे १९७४ पासून आणि मागील आसनांना १९७९ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्या पट्ट्यांवाचून चालविण्यास आजही कायद्याची आडकाठी नाही. परंतु पट्टे नसलेल्या गाडीतून तीन वर्षांखालील मुलाला नेता येत नाही, आणि तीन वर्षांवरील लहान मुलांनी मागेच बसले पाहिजे. म्हणजे गाडी कायदेशीर, आणि बाळ मात्र बेकायदेशीर!

हामेल्नहून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे पुढे गेले की हेसिश ओल्डेनडॉर्फ हे लहानसे गाव लागते. जुन्या फोक्सवागन गाड्यांचा येथे मोठा मेळावा भरतो. २०१७ आणि २०२२ मध्ये तो भरला होता. त्याच परिसरात आम्ही पहिली व्हॅन पाहिली. १९६७ पूर्वीची, दुभंगलेल्या काचेची, खरोखर देखणी. तिच्या २३ खिडक्यांच्या भावंडांना लिलावात एक लाख डॉलरच्याही वर किंमत आलेली आहे. यजमान तिच्याभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालीत राहिले. त्यांच्या पत्नी पुढच्या आसनावर जाऊन बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले. पाय आणि समोरचा रस्ता यांच्यामध्ये एका पत्र्याखेरीज काहीही नव्हते. त्या मुकाट्याने खाली उतरल्या.

दुसरी गाडी एका खेड्यातील धान्याच्या कोठारात उभी होती. ती १९७४ सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीची. या पिढीत पुष्कळ सुधारणा झाल्या होत्या. एकसंध मोठी काच आणि बाजूला सरकणारे दार १९६७ मध्ये आले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९७० मध्ये आले, आणि १९७२ नंतर पुढील भागात धक्का सोसणारी काहीशी मजबूत रचनाही आली. मालकाने मागच्या बाकाला नवे पट्टे बसविले होते. रंग नवा, पडदे नवे. मुलगे तर आत शिरून घर-घर खेळू लागले. यजमानांबरोबर आलेल्या गॅरेजवाल्या मित्राने मात्र रंगाकडे पाहिलेही नाही. त्याने खिशातून लहानसे लोहचुंबक काढले आणि ते दाराखालच्या पट्टीवरून फिरविले. चुंबक काही ठिकाणी चिकटे, काही ठिकाणी घसरून पडे. जेथे पडे तेथे लोखंड नव्हते, लांबी भरून वर रंग दिलेला होता. मग त्याने मागची रबरी चटई उचलली. पट्ट्याचा बोल्ट जेथे कसलेला होता, त्याच्या भोवतीचा पत्रा पेचकसाच्या टोकाने दाबताच तपकिरी भुगा होऊन आत गेला. पट्टा नवा आणि बोल्टही नवा. पण गाडी कशाला धडकली असती, तर तो पट्टा मुलासकट पुढे आला असता.

मालक अप्रामाणिक होता असे मला वाटत नाही. त्याने स्वतः ती चटई कधी उचललीच नसावी.

तिसऱ्या गाडीची हकिगत लवकर सांगून होण्यासारखी आहे. ती १९८८ सालची, तिसऱ्या पिढीची, चौकोनी आणि दिसायला अगदीच सामान्य. ‘हिला डोळेच नाहीत!’ असे सहा वर्षांच्या मुलाने तिच्याकडे पाहून म्हटले, आणि तो रुसून बसला. परंतु तिच्या मागील आसनांना तीन-बिंदू पट्टे होते आणि त्यांचे बोल्ट जेथे कसलेले होते तेथील लोखंड टणक होते. इंजिन पाण्याने थंड होणारे, ७८ अश्वशक्तीचे असल्यामुळे आतली शेगडीही नीट चालत असे. हवेने थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांत इंजिनाची ऊब मागून पुढे येईपर्यंत निवून जाते, आणि उत्तर जर्मनीच्या थंडीत बाळाला घेऊन निघणाऱ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. पत्र्यांच्या सांध्यांत थोडा गंज होता. या पिढीचा तो ठरलेला रोग. पण लवकर ध्यानात आला तर आटोक्यात राहतो. व्यवहार ठरला.

घरी आणल्यावर पहिले काम झाले ते इंधनाच्या रबरी नळ्या बदलण्याचे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या चिरतात, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकते आणि मागच्या बाजूस आग लागते. अशा रीतीने कितीतरी जुन्या बुली जळून गेल्या आहेत. नळ्यांना फार पैसे पडत नाहीत. चालकाच्या हाताशी एक अग्निशामक नळकांडेही आले.

जर्मन सरकार अशा गाड्यांकडे सांस्कृतिक ठेवा म्हणून पाहते. प्रथम नोंदणीस ३० वर्षे झाली असतील आणि गाडी मूळ स्वरूपात व सुस्थितीत असल्याचा दाखला तज्ज्ञाने दिला, तर क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते. ही पद्धत १९९७ पासूनची. मग इंजिन लहान असो वा मोठे, वर्षाचा कर १९१ युरो ७३ सेंट. आणि धुरावर निर्बंध घालणाऱ्या बर्लिनसारख्या शहरांच्या हद्दीतही तिला प्रवेश मिळतो. दर दोन वर्षांनी होणारी तांत्रिक तपासणी मात्र चुकत नाही, आणि ते योग्यच आहे.

इतके करूनही त्या व्हॅनमध्ये हवेच्या पिशव्या नाहीत, आणि आजच्या मोटारीत असते तशी चाके अडकू न देणारी ब्रेकची योजनाही नाही. पट्टा कितीही बळकट असला तरी ही उणीव त्याने भरून निघत नाही, हे त्या दोघांनी आपसांत स्पष्ट बोलून घेतले. रात्री महामार्गावर जायचे नाही, ताशी ९० किलोमीटरच्या वर जायचे नाही आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, असे ठरले. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाऊन टाकते. वर्षातले पाच महिने जी गाडी उभी ठेवावी लागते, ती व्यवहार्य म्हणावी काय? ज्या घराला दारापाशी ट्रॅम आहे, त्याला ती तशी म्हणता येईल. रोज मुलांना शाळेत पोचविणे आणि कामावर जाणे ज्यांचे एकाच गाडीवर अवलंबून आहे, त्यांनी माझ्या मते या फंदात पडू नये.

आपल्याकडील नियम तर याहून कडक आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम जाहीर केले. त्यांप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, शर्यती-मेळावे, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांखेरीज ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे कुटुंबाचे वाहन म्हणून तिचा विचारच नको. त्याहून कमी वयाच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १९८४ मध्ये निघालेली मारुतीची व्हॅन, जिला पुढे ‘ओम्नी’ हे नाव मिळाले, तिची निर्मिती २०१९ मध्ये नव्या सुरक्षा-निकषांपुढे थांबली. ब्राझीलमध्ये तग धरून राहिलेली कोम्बीही अशाच कारणाने २०१३ च्या अखेरीस बंद पडली. तरीही लहान गावांतून जुन्या ओम्नी आणि काही मॅटाडोर अजून माणसे वाहताना दिसतात. आपल्या दारी तशी एखादी असेल, किंवा आपण ती घेण्याच्या बेतात असाल, तर रंग आणि पडदे राहू द्यावेत. एक पेचकस घ्यावा, मागची चटई उचलावी आणि पट्ट्याच्या बोल्टाभोवतीचा पत्रा दाबून पाहावा. पट्टाच नसेल तर चटई उचलण्याचेही कारण नाही.