अपशिंगे मिलिटरी

गेल्या माघांत साताऱ्यास आप्तांकडे जाण्याचा योग आला, तेव्हां एक दिवस काढून आम्ही उभयतां अपशिंगे गांवीं गेलों. ह्या गांवास सर्वत्र ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धांत (१९१४–१९१८) येथील ४६ वीर कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ गांवांत आहे, आणि सैन्यांत जाण्याची चाल पिढ्यानुपिढ्या चालूं आहे.

गांव एरव्हीं चारचौघांसारखेंच: शेतें, गोठे, देऊळ, शाळा. ओसरीवर गेल्यावर मात्र गणवेशांतल्या तसबिरी आजोबा, बाप, मुलगा अशा क्रमानें भिंतीवर दिसूं लागतात.

एका निवृत्त सुभेदारांनीं आम्हांस आग्रहानें बसवून घेतलें. पलटणींतील दिनचर्या विचारतां ते हंसून म्हणाले, “गुरुजी, पहांटे पीटी, मग कवाईत, रात्रीं पहारा. त्यांत सांगण्याजोगें काय? खरी हकीकत हिला विचारा.”

बाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारांतच थांबल्या. जवानास वर्षाकाठीं ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची किरकोळ रजा असते; पण पेरणी त्या रजेसाठीं खोळंबत नाहीं. थोरला मुलगा झाला तेव्हां यजमान सियाचीनवर होते. त्यांस बातमी पोंचली तोंवर बारसें होऊन गेलें होतें. सासऱ्यांचें आजारपण, विहिरीचें कर्ज, मुलांची शाळा, सारें बाईंनींच निभावलें. “ह्यांनी तिकडं नोकरी केली, मी हितं केली. पेन्शन तेवढी एकच आली,” त्या म्हणाल्या.

हें ऐकून आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. वर्गांत रघूचा दिग्विजय रसाळपणें शिकविणारे आम्ही, अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलास ‘तूं पलटणींतच जा’ असें थट्टेनें म्हणत असूं. एक विद्यार्थी खरोखरच गेला. त्याचीं पत्रें त्याच्या आईस वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडेच आलें. प्रत्येक पत्राच्या शेवटीं ‘गुरुजींस साष्टांग नमस्कार’ असे. त्या थट्टेची लाज आम्हांस त्या ओसरीवर प्रथम वाटली.

सुभेदारांचा नातूही भरतीसाठीं रोज पहांटे धांवतो. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेनें ही भरती चार वर्षांची झाली असून फार तर चौथा हिस्सा पुढें कायम होतो. उरलेल्यांस पेन्शन नाहीं. आजीस तीच काळजी.

निघतांना तो मुलगा आमच्या पायां पडला. ‘यशस्वी भव’ म्हणण्याची आमची जन्माची संवय. परंतु त्या दिवशीं ‘सुखरूप परत ये, बाळ’ एवढेंच तोंडून निघालें.