सी०७ कुठे आहे?

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत तीस डिश आहेत. चौदा मध्यभागी, साधारण एक चौरस किलोमीटरात. उरलेल्या सोळा पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन शाखांवर लांबवर. मधल्यांची नावं सी००पासून सी१४पर्यंत. मोजून बघा, पंधरा व्हायला हव्यात. होत नाहीत, कारण सी०७ नाहीच. तशीच ई०१ नाही, एस०५ नाही.

दुर्बिणीवर काम करणाऱ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतही नाही. नवा विद्यार्थी मात्र डेटाची फाईल अर्धवट उतरली असं समजून ती पुन्हा डाउनलोड करत बसतो.

मी मंचरला घरी बसून या डेटासाठी पायथनची छोटी पॅकेजेस लिहितो. फंक्शन काय घेतं, काय देतं, हे कोड वाचूनही कळतं. सी०७ नाही, हे कोड सांगत नाही. डॉक्युमेंटेशन लागतं ते अशा गोष्टींसाठी.

गुंता पुढेच आहे. ‘एप्स’ ही या डेटातून चित्र बनवणारी जुनी प्रणाली डिश एकपासून मोजते. सी०० पहिली, सी०६ सातवी, सी०८ आठवी. म्हणजे सी०८ ते सी१४ नाव आणि क्रमांक जुळतात, त्याआधी नाही. ‘कासा’ ही दुसरी प्रणाली शून्यापासून मोजते, तिथे नेमकं उलटं: सी०६पर्यंत जुळतात आणि सी०८ला क्रमांक मिळतो सात. आता वहीत कुणी ‘आठ नंबर खराब, काढा’ एवढंच लिहिलं असेल तर काढायची कुठली? चुकीची काढली तरी एरर येत नाही. चित्र तयार होतं. खराब डिश आत राहते आणि दोन-दोन डिशच्या ४३५ जोड्यांपैकी चांगल्या डिशच्या २९ फुकट जातात.

म्हणून माझ्या फंक्शनांना क्रमांक चालत नाही, नावच द्यावं लागतं. का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. शिवाय वारंवारता हर्ट्झमध्ये की मेगाहर्ट्झमध्ये, वेळ भारतीय की जागतिक, हे अगदी वर. त्याखाली एक पूर्ण उदाहरण, आलेल्या उत्तरासकट. पायथनमधलं ‘डॉकटेस्ट’ अशी उदाहरणं चालवून उत्तर ताडून बघतं. कोड बदलून उत्तर वेगळं आलं आणि उदाहरण तसंच राहिलं, तर लगेच बोंब मारतं.

कोडमधून आपोआप निघालेली फंक्शनांची यादी टाकून पुष्कळजण मोकळे होतात. लग्नपत्रिकेत सगळे आप्तेष्ट छापून कार्यालयाचा पत्ता विसरावा, तसं ते. लिहायचं इंग्रजीतच असतं, वापरणारे जगभर आहेत. पण मी आधी मराठीत कुणाला तरी बोलून दाखवतो. बोलताना अडखळलो, तर बहुधा फंक्शनच धड बेतलेलं नसतं.

पॅकेज लिहीत असाल तर पुढची आवृत्ती काढण्याआधी एवढं करा: मोजणी कुठून, एकक कुठलं, आणि काय मुळातच नाही, हे पहिल्या पानावर लिहा. लोगो नंतर काढला तरी चालेल.