मास्तरांची नव्वी

मेंढीकोट खेळताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नये, त्याच्या दुऱ्या-तिऱ्यांकडे बघावं. एक्का सगळे सारखाच टाकतात, त्यात माणूस दिसत नाही. जिथे कुठलंही पान टाकलं तरी चालणार असतं, तिथे तो नेमकं कुठलं टाकतो, त्यात त्याची सवय सापडते.

हे मी लोकलमध्ये शिकलो. चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली बॅग, तिच्यावर पानं आणि रोजचे तेच भिडू. रोज त्याच माणसांशी खेळण्याचा फायदा असा की आज एखाद्याबद्दल जे वाटलं ते उद्या तपासून बघता येतं. आमच्यात एक शाळामास्तर होते. त्यांच्या दोन सवयी मला पाठ झाल्या होत्या. हात आपला होणार नसेल तर ते रंगातलं सगळ्यात लहान पान टाकायचे, न चुकता. आणि उतारी त्यांची असताना एखाद्या रंगाचं एकटंच पान हाती असेल, तर आधी तेच उतरायचे. आम्ही कट हुकूम खेळायचो. म्हणजे उतरलेला रंग ज्याच्याकडे सर्वांत आधी नसेल, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. त्यामुळे एखादा रंग लवकर संपवून मोकळं व्हायची त्यांना घाई असे.

एका डावात पहिल्या दोन्ही उताऱ्या त्यांच्या होत्या. किलवरचा एक्का, मग किलवरचंच लहान पान. तो दुसरा हात मी घेतला. माझ्याकडे बदामचे एक्का, राजा, राणी होते. एक्का उतरलो, मास्तरांनी नव्वी टाकली. आता प्रश्न असा की राजा उतरावा की थांबावं? नव्वी पडली म्हणजे तिच्याखालचं बदाम त्यांच्याकडे नाही. ती एकटीच असली तर माझ्या राजावर ते हुकूम करणार आणि राजा जाणार. एकटी नसली तर तिच्यावरचे दोनच उरतात, गुलाम आणि दस्सा, कारण बाकीची वरची पानं माझ्याकडे. पण एकटी असती तर मास्तरांनी ती पहिल्याच उतारीला बाहेर काढली असती. दोनदा संधी होती, दोन्ही वेळा ते किलवर उतरले होते. मी राजा टाकला. त्यावर दस्सा आला.

यात चेहरा कुठे आला? मास्तरांचा चेहरा डाव जिंकतानाही परीक्षेचे पेपर तपासत असल्यासारखाच असे. पत्त्यांतलं वाचन ही बहुतांशी मोजणी आहे. तेरा पानांचा रंग, किती पडली, किती उरली. मोजणी जिथे दोन शक्यतांवर येऊन थांबते, तिथून पुढे सवय कामी येते. मोजणीशिवाय नुसतं ‘हा असाच आहे’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मग मास्तर सवय मोडत का नव्हते? लोक त्यांना सरळमार्गी म्हणून सोडून देत, पण मला त्याचं खरं कारण त्यांचा भिडू झाल्यावर कळलं. त्यांनी टाकलेल्या प्रत्येक लहान पानाचा अर्थ मला नेमका लागायचा. मेंढीकोटात ज्या जोडीकडे जास्त दस्से, तिचा डाव; तो दस्सा कधी सोडायचा, कुठला रंग परत उतरायचा, काही विचारावं लागत नसे. भागीदारीच्या खेळात एकच पान तिघे वाचतात, त्यातले दोघे विरोधी असतात. विरोधकांना फसवण्यासाठी मास्तरांनी गुलाम-तिर्री असताना तिर्री राखून गुलाम टाकला असता, तर माझाही हिशेब कोसळला असता. त्यांनी भिडूची बाजू घेतली होती, आणि त्याची किंमत ते मोकळेपणानं मोजत होते. मला हा निर्णय फार मोठा वाटतो.

ब्रिजमध्ये तर याचा कायदाच आहे. जोडीनं आपल्या बोलींचे संकेत कार्डावर लिहून समोर ठेवायचे. विरोधकांना विचारण्याचा हक्क, आणि जोडीत गुप्त समझोता असणं नियमबाह्य. विरोधक एखाद्या पानाला रेंगाळला तर त्यातून तुम्ही निष्कर्ष काढू शकता, जबाबदारी तुमची. पण तुमचाच भिडू रेंगाळला तर ते तुम्ही पाहिलंच नाही असं समजून खेळायचं. मुद्दाम रेंगाळून फसवणंही मना. खाणाखुणांचा संशय इतका जुना की 1975 च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मध्ये पडदे लावले गेले. आपल्याकडच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन 60 वर्षांचे होते आणि सरकार 56. त्यांच्या वयाचं सगळ्यांना कौतुक. मला कौतुक आहे ते इतकी वर्षं एकमेकांची पानं वाचत आलेल्या जोडीचं.

तीन पत्तीत मात्र मी कुणाच्या नावावर भरवसा ठेवत नाही. दिवाळीत घरोघरी एकेकाचं नाव पडलेलं असतं, हा नुसता दम देतो, तो पक्क्या पानांशिवाय चाल करत नाही. पण पॅक केलेली पानं कुणी उघडत नाही. ज्याच्या चालीला घाबरून सगळे उठले, त्याच्या हातात ट्रेल होती की सत्ती-चव्वी-दुर्री, ते कायमचं झाकलं गेलं. शो झालेल्या मोजक्या डावांवरून माणसाची ख्याती ठरते. दमबाज म्हणून नाव होतं ते पकडल्या गेलेल्याचं. न पकडला गेलेला सज्जन म्हणून वावरतो. मेंढीकोटात डावाअखेर बावन्नच्या बावन्न पानं पडलेली असतात. लक्षात ठेवणाऱ्याला सगळा पुरावा मिळतो. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ मानलं, तेव्हाही पडणारी पानं लक्षात ठेवावी लागतात हे कारण दिलं होतं, आणि तीन पत्त्यांच्या खेळापासून रमी वेगळी काढली होती.

बदाम सात तर आणखी वेगळा. तिथे भिडू नाही, पाच-सहा जण आपापले. चालणारं पान असलं तर टाकावंच लागतं, पण दोन चालत असतील तर कुठलं टाकायचं ही मुभा असते, आणि तेवढ्यावर इस्पिकचा छक्का शेवटपर्यंत दाबून ठेवता येतो. असं दोन-तीनदा केलं की नाव होतं. मग पुढच्या बैठकीत, तुमच्या हाती तो छक्का नसला तरी, बाकीचे तुमचे रंग अडवायला सुरुवात करतात. लहान मुलं यात सगळ्यात कडक; ती मागच्या सुट्टीतलंही विसरत नाहीत.

नावाची खोड ही की ते माणसाच्या मागे राहतं. आमच्यातला एक जण घायकुता म्हणून प्रसिद्ध होता: भिडूचा हात होतोय असं दिसलं की लगेच दस्सा टाकायचा, मागून कोण कापेल याचा विचार नाही. पुढे तो सुधारला. मागे कोण बसलंय, त्याचा तो रंग संपलाय का, हे बघून दस्सा राखू लागला. पण समोरचे कितीतरी दिवस त्याला जुनाच समजून खेळत राहिले. दस्सा पडला नाही म्हणजे याच्याकडे नाहीच, असं धरून त्यांनी डावामागून डाव घालवले. त्याला काही लपवावं लागलं नाही.

म्हणून नवा माणूस बसला की मी त्याच्याबद्दल आधी काही ऐकून घेत नाही. निकाल लागून गेलेल्या डावातले शेवटचे तीन-चार हात बघतो. एका जोडीकडे तिसरा दस्सा गेलेला असतो, बाकीचे पानं भराभर टाकत असतात. तेव्हाही जो थांबून, हातातली पानं मोजून, योग्य तेच टाकतो, त्याच्यासमोर पुढच्या डावापासून मी बदामची नव्वी सुद्धा जपून टाकतो. आणि डाव संपल्यावर त्याला सरळ विचारतो, ‘तो पंजा आधी का टाकलात?’ बहुतेक जण आनंदानं सांगतात.