१९६३ च्या पुढे रेघ!

थांबा, हातातलं काम खाली ठेवा! ठेवलंत? आता सांगा, १९६३ साली महाराष्ट्र केसरी कोण झालं? डोकं खाजवू नका, उत्तर येणार नाही. कारण कुणीच झालं नाही! कुणीच! यादीत साल आहे, गाव आहे, सातारा, आणि पैलवानाच्या नावाच्या जागी कोरं!

आधीच सांगून टाकते, मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. सगळा जन्म पंचवटीत गेला, पण लाल मातीत कधी पाय टाकला नाही. माझं कुस्तीचं शिक्षण झालं ते ट्रम्प कार्डांवर. आठवतात ना? अंडरटेकरची उंची, योकोझुनाचं वजन, हल्क होगनचा दंड, आणि भावाच्या हातात नेमका वरच्या रँकचा पत्ता निघाला की माझी रडारड! एवढ्या भांडवलावर मी तुम्हाला कुस्ती सांगायला बसलेय. सावध राहा.

झालं असं की शेजारचे काका, जुने तालीमबाज, एक वहीचा कागद घेऊन आले. "एवढं टाईप करून दे गं, सत्काराच्या पत्रिकेत घालायचंय." साल, गाव, नाव. साल, गाव, नाव. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. १९६१, औरंगाबाद, दिनकर दह्यारी. १९६२, धुळे, भगवान मोरे. १९६३, सातारा, आणि पुढे नुसती रेघ. मला वाटलं, काका विसरले. तशीच अनवाणी त्यांच्या ओट्यावर गेले. "काका, हे भरायचं राहिलंय." काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "राहिलं नाही. त्या साली कुणी झालंच नाही. रेघच टाईप कर."

रेघच टाईप कर! अहो, महाराष्ट्रातला सर्वांत मोठा कुस्तीचा किताब आणि त्याच्या यादीत रेघ! आणि मग मी तिथंच बसले, आणि मग काकू चहा घेऊन आल्या, आणि मग तो चहा गार झाला, आणि मग माझ्या घरून दोनदा हाक आली तरी मी कागदावरून बोट फिरवतेच आहे, कारण पुढे १९७७ आहे, चाळीसगाव, आणि तिथंही रेघ! १९८८ ला रावसाहेब मगर आहेत, ते थेट १९९२ ला आप्पालाल शेख, आणि मध्ये सगळ्या रेघा!

आता गंमत बघा. ज्या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या पैलवानांची कार्डं मी जिवापाड जपायचे, तिच्या मुख्य पट्ट्याची सुरुवात कधीची? १९६३ चीच! बडी रॉजर्स पहिला मानकरी. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रुनो सॅमार्टिनोनं त्याला ४८ सेकंदांत गारद केलं आणि पट्टा जो घेतला तो जवळपास आठ वर्षं सोडलाच नाही. पण तिकडची गोष्ट लिहून ठेवलेली असते हो! तिकडे पैलवान रिंगणात उतरायच्या आधीच जिंकणारा ठरलेला, आणि आमच्याकडे सगळे पैलवान घरी गेले तरी जिंकणाऱ्याचा पत्ता नाही! मला तर ही रेघ त्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा भारी वाटायला लागलीय. कुणाला तरी द्यायचा म्हणून दिला, असं इथं झालं नाही. वा!

बरं, हे सुरू कुणी केलं? महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली १९५३ साली, मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी. स्पर्धेची रचना मला काकांनी चमचे आणि बशा मांडून समजावली. एकीकडे माती, एकीकडे गादी. मातीवाले मातीवाल्यांशी लढणार, गादीवाले गादीवाल्यांशी. मातीतला जो शेवटी उरेल आणि गादीवरचा जो शेवटी उरेल, त्या दोघांची महाराष्ट्र केसरीसाठी कुस्ती. आणि ती होणार गादीवर! तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या! "म्हणजे मातीवाल्यावर अन्यायच की," मी म्हटलं. (बघा, तासाभरापूर्वी काही कळत नव्हतं, आता न्याय करायला बसले!) काका म्हणाले, "आता पोरं दोन्हीकडे मेहनत करतात." मला नाही पटलं. पण माती म्हणजे काय हे तरी मला कुठं माहीत होतं? त्या हौद्यातल्या मातीत ताक घालतात! हळद घालतात! लिंबू पिळतात, तेल सोडतात! आमच्या घरी एवढी बडदास्त पाहुण्यांचीसुद्धा होत नाही.

आणि आता पंचवटीकरांनो, कान इकडे करा. नाशिक! त्या कागदावर नाशिक आहे! एकदा नाही, तीनदा! १९६५, १९७९ आणि १९९५! तीन वेळा ही स्पर्धा आपल्या गावात झाली आणि मला हे काकांच्या वहीच्या कागदावरून कळतंय! १९६५ ला इथं गणपत खेडकर जिंकले, आणि तेच आदल्या वर्षी अमरावतीला जिंकलेले, म्हणजे पहिला डबल महाराष्ट्र केसरी झाला कुठं? नाशकात! १९७९ ला शिवाजी पाचपुते. १९९५ ला शिवाजी केकाण. दोन्ही वेळा शिवाजीच! मी हे काकांना असं दाखवलं जसा काही मीच शोध लावला. काका म्हणाले, "हो, ठाऊक आहे."

त्यांना सगळंच ठाऊक आहे. वैताग येतो.

डबलवाल्यांची तर रांगच आहे. चंबा मुत्नाळ १९६७ आणि १९६८. कोल्हापूरचे दादू चौगुले १९७० आणि १९७१. लगेच पुढची दोन वर्षं लक्ष्मण वडार. आणि मग दादूंचा मुलगा विनोद चौगुले २००० साली! बापानंतर एकोणतीस वर्षांनी मुलगा त्याच यादीत! त्यानंतर कोल्हापूरला किताब मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं, पृथ्वीराज पाटील. कोल्हापूरला! जिथं गल्लीगल्लीत तालीम! आणि सोलापूर जिल्ह्यातलं बोरामणी नावाचं गाव, तिथल्या एकाच घरातले तिघे, इस्माईल शेख १९८० ला, आप्पालाल शेख १९९२ ला, मुन्नालाल शेख २००२ ला! एका घरात तीन! त्या घरात दूध किती लागत असेल, हाच विचार माझ्या डोक्यातून जाईना.

तिसऱ्यांदा मात्र कुणाला जमत नव्हतं. पन्नास वर्षं! आणि मग नरसिंग यादव आला, २०११, २०१२, २०१३, सलग तीन, आणि लोकांना श्वास घ्यायला वेळ मिळायच्या आत विजय चौधरी आला, २०१४, २०१५, २०१६, सलग तीन! सहा वर्षं आणि दोनच नावं! आणि हा विजय चौधरी कुठला? सायगाव बगळीचा. तालुका चाळीसगाव! चाळीसगाव, आठवलं का? १९७७ ची रेघ! ज्या गावानं यादीत रेघ ठेवली, त्याच तालुक्यातल्या पोरानं तीन ओळी भरून काढल्या! मी ओरडलेच. शेजारचं कुत्रं भुंकलं.

गदेचं सांगायचं राहिलं. मोहोळ घराणं मामासाहेबांच्या स्मरणार्थ विजेत्याला चांदीची गदा देतं. पुण्यात एक कुटुंब ती घडवतं. आणि आतून ती लाकडी असते! आत लाकूड, वर चांदीचा पत्रा! मला आपलं वाटायचं आख्खी भरीव चांदी. आता मी गंगेवर दुतोंड्या मारुतीसमोर उभी राहते ना, ती पुराचं पाणी कुठवर चढलं हे बघायला नाही, नुसती गदा बघायला. आणि २०२५ ला अहिल्यानगरला ती गदा कुणी जिंकली? पृथ्वीराज मोहोळ! हाही मोहोळ!

आता माझं सर्वांत आवडतं नाव. हर्षवर्धन सदगीर! मूळचा अकोले तालुक्यातला, पण घडला भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत आणि उतरला नाशिककडून. ७ जानेवारी २०२०, बालेवाडी. समोर लातूरचा शैलेश शेळके. आणि हे दोघेही एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे! एकाच तालमीत घाम गाळलेले, एकमेकांचे सगळे डाव पाठ. मग कसली चितपट होतेय? कुस्ती ताणली, ताणली, आणि शेवटच्या काही सेकंदांत हर्षवर्धननं काढली. ३-२! नाशिकचा पहिला महाराष्ट्र केसरी! आणि मग त्यानं काय केलं माहितीये? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं! जिंकणाऱ्यानं! हरलेल्याला! मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि दर वेळी डोळ्यांत पाणी.

त्यात आणखी एक. पुढे कोरोना आला, स्पर्धा झाल्या नाहीत, आणि पुढचा महाराष्ट्र केसरी थेट एप्रिल २०२२ ला साताऱ्यात झाला. म्हणजे सव्वादोन वर्षं किताब आपल्या नाशिककडे! मान्य आहे, त्यात विषाणूचाही हात होता. तरी मी मोजणार!

२०२३ पासून मात्र यादी टाईप करणाऱ्याचे हाल आहेत. संघटनेत भांडणं, आणि एकाच नोव्हेंबरात दोन-दोन महाराष्ट्र केसरी! पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. धाराशिवच्या शेवटच्या कुस्तीत हरलेला कोण? आपला हर्षवर्धन! मी त्या जागी कागदावर हळूच एक उदास चेहरा काढला. काकांनी खोडला. २०२५ ला तर शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली, महेंद्र गायकवाड अंतिम कुस्ती सोडून निघाला, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी. काका यावर बोलत नाहीत. मला विचाराल तर एका साली दोन नावं लिहिण्यापेक्षा ती रेघ बरी होती.

पण त्याच २०२३ मध्ये, मार्च महिन्यात, सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली! प्रतीक्षा बागडी! कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून! १९६१ नंतर बासष्ट वर्षांनी! काकांच्या कागदावर हे नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "ती वेगळी यादी." मी काही बोलले नाही. घरी येऊन खाली जागा होतीच, तिथं टाईप करून टाकलं, चांगलं ठळक अक्षरात. पत्रिका आता छापायला गेलीय, काकांनी अजून बघितलेली नाही. तुम्ही सांगू नका!

आणि एक काम करा ना. आपल्या शनि चौकात रंगपंचमीला रहाड उघडते, ती सांभाळतो सरदार रास्ते आखाडा तालीम संघ. त्या गुलाबी पाण्यात आपण सगळ्यांनी उड्या मारल्यात आणि बाहेर येऊन घरी पळालोय. एकदा तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. तुमच्या घरातही कुणीतरी असेलच, मेनरोडला, भद्रकालीत, मखमलाबादला, ज्यानं पोरवयात खांद्यावर बसून १९६५ ची गणपत खेडकरांची कुस्ती पाहिली असेल. हलगी कशी वाजत होती, मैदान कुठं होतं, समोरचा पैलवान कोण, कुठल्या डावावर पडला, सगळं विचारा आणि मला येऊन सांगा. आत्ता विचारा! आजोबा झोपले असतील तर उठवा!