तळेऱ्याचा फाटा आणि खमीस

मुंबई-गोवा महामार्गाने खारेपाटण मागे टाकून दक्षिणेकडे आले की तळेरे लागते. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गच्या बंदराकडे उतरतो, दुसरा पूर्वेस गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठतो. खारेपाटणच्या जुन्या जैन मंदिराचे दर्शन घेऊन कोल्हापूरकडे निघालेली कुटुंबेही येथेच वळतात.

अशा फाट्यावरच्या कापडाच्या दुकानात तीन शब्द शेजारी शेजारी नांदतात. म्हातारे गिऱ्हाईक 'खमीस' मागते, लेकीसुना सलवारीवरची 'कमीज' पाहतात आणि शाळकरी मुलीसाठी फ्रॉकच्या आत घालायची 'शमीज' काढली जाते. तिन्ही शब्द एकाच घरचे, हे मात्र मागणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

ते घर म्हणजे उत्तरकालीन लॅटिनमधील 'कामिसिया'. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी सैनिकांच्या अंगालगतच्या वस्त्राला हेच नाव दिलेले आढळते. फ्रान्सच्या मुखात लॅटिन 'क' अनेकदा 'श' होतो. गाण्याचे 'कान्तारे' तेथे 'शांते' झाले, तसे कामिसियाचे 'शमीझ'. ते इंग्रजांनी उचलले आणि त्यांच्या मागून ते मराठी घरातल्या मुलींच्या कपड्यांत आले. पोर्तुगीजांनी मूळचा 'क' राखून 'कामिझा' म्हटले. अरबीत तोच 'कमीस'; फारसी-उर्दूच्या वाटेने त्याची कमीज झाली.

आपला खमीस अरबांच्या गलबतातून उतरला की 'कामिझा'च्या जहाजातून? कोकणच्या बंदरांना दोघेही परिचित होते. त्याच्या अंगावरचे 'काज' आणि त्यावरून फिरणारी 'इस्त्री' हे शब्द मात्र पोर्तुगीजांचेच. बटण इंग्रजांकडून आले खरे, पण इंग्रजांनीही ते फ्रेंचांकडूनच घेतले होते. एका साध्या कपड्यावर एवढी बंदरे!

आज खमीस हा शब्द मागे पडत चालला आहे. नातू 'शर्ट' म्हणतो, दुकानाच्या पाटीवरही शर्टच असतो. आजोबांचा शब्द आजोबांच्या पिढीबरोबरच जाईल, अशी चिन्हे आहेत. शमीज मात्र अजून घराघरांत टिकून आहे.

जिनपूजेला शिवलेले वस्त्र चालत नाही. तेव्हा मंदिराच्या ओसरीवर श्रावक आपला खमीस उतरवून खुंटीला अडकवतो आणि धोतर-उपरणे नेसून गाभाऱ्याकडे वळतो. रोमच्या सैनिकांपासून चालत आलेला शब्द तेवढा वेळ बाहेर थांबतो.