'टच' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आज जरा आमच्या धंद्यातलं. पण घरच्यांनी पळून जाऊ नये, सगळ्यांना कळेल असंच लिहितोय :-)

प्रोग्राम म्हणजे पुष्कळशा फाइल्स. एक बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच पुन्हा बनवायच्या, हे काम 'मेक' करतं. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिलं. त्याचं कारण मजेशीर आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन अख्खी सकाळ एक चूक शोधत बसले होते. चूक आधीच सुधारली होती, फक्त फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! म्हणून मेक तारीख-वेळ पाहतं. मूळ फाइल नवी आणि तिच्यापासून बनलेली जुनी असेल, तर ती पुन्हा बनवतं.

माझा भाचा भिवंडीला असतो, कॉलेजात हे शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मेकच्या हेल्पमध्ये 'टी' पर्यायापुढे लिहिलंय, 'टच टार्गेट्स इन्स्टेड ऑफ रिमेकिंग देम'. हात लावून काय होणार? माझं इंग्रजीच कच्चं आहे."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. पोराचं इंग्रजी ठीकच आहे. हा 'टच' युनिक्समधल्या त्याच नावाच्या कमांडवरून आलाय. ती ज्याला माहीत आहे त्यालाच ही ओळ कळते, आणि त्याला हेल्प लागतच नाही!

म्हटलं, "तुमच्याकडे यंत्रमाग आहेत ना? समज, नवं कापड विणलंच नाही, जुन्याच ताग्यावर आजची तारीख टाकली."

"मग पुढचा फसणार की!"

अगदी बरोबर. बदललेली फक्त कॉमेंट असेल तर हा पर्याय वेळ वाचवतो. एरवी जॉन्सन अडकले त्याच खड्ड्यात आपण पडतो. मेकच्या मॅन्युअलमध्ये तर सरळ लिहिलंय की पुढच्या वेळी मेकला चकवण्यासाठीच हे आहे. पण घाईत मॅन्युअल कोण उघडतो? 'फाइल बनवत नाही, फक्त तिची वेळ ताजी करतो' एवढं त्या ओळीत असतं तरी पुरलं असतं.

असो. भाच्याला सांगितलं, ओळ कळली नाही तर आधी ओळीवर शंका घे, मग स्वतःवर.