मधला वेळ

येताना टोमॅटो आणू नका, असा नानांच्या सुनेचा फोन आला. आईला भेटून मी नारायणगावहून निघालो होतो. तिथल्या बाजारात हंगामात क्रेटवर क्रेट चढलेले असतात, आणि नानांना टोमॅटो मीठ लावून कच्चाच खायला आवडायचा. आता मूत्रपिंडांनी काम सोडलंय. टोमॅटोतलं पोटॅशियम रक्तात साठून राहतं, म्हणून तो बंद. केळी बंद, नारळपाणी बंद, साधं पाणीही मापात. शेवटी सफरचंदं घेतली. नानांकडे मी कधी सफरचंदं नेली नव्हती. ती आजाऱ्याकडे न्यायची.

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की डिंभे धरणाचं पाणी दिसू लागतं. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव या पाण्याखाली आहे. नानांचं घर त्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पडवीच्या पत्र्याखाली मी ढोलकी शिकलो. नाना तमाशात ढोलकीवाले. फड दसऱ्याला बाहेर पडायचे, वैशाख सरत आला की परतायचे. पावसाळाभर नाना घरी असत आणि माझी शाळा त्यांच्या पडवीत भरे. वडिलांना हे पसंत नव्हतं. तमाशातला माणूस यात्रेत चांगला, उंबऱ्यावर नको, एवढाच त्यांचा हिशेब. मी नानांच्या घरी भाकरी खातो हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. नंतर पुण्यात नोकरी, लग्न, भाड्याची घरं, आणि प्रत्येक घरात कपाटावर एक ढोलकी. पावसाळ्यात चामडं ओलावतं, त्याचा वास खोलीभर पसरतो. बायकोला तो सोसत नाही. मला तो आला की पडवी आठवते.

नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात, राहुटीत बसून घासाघीस करतात, बयाणा ठेवून जातात. नाना बाहेर बसून ढोलकी वाजवायचे, जाणाऱ्याचे पाय अडावेत म्हणून. मालक आत किंमत वाढवतोय आणि बाहेर ही शाईवरची बोटं, असा तो कारभार.

इथे विठाबाई आल्याशिवाय राहत नाहीत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड, पुढे वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर तमाशा. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. शेवटी आजारपण, हलाखी, आणि दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलेलं. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. २००६पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. हे सगळं छापून येतं, आणि त्याबरोबर तो प्रसंगही येतोच: दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. लोकांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला.

मी हा प्रसंग इतक्यांदा वाचलाय की लिहिणाऱ्यांचा राग येतो. बाईने चाळीसेक वर्षं काय गायलं, गवळणीत कुठला स्वर धरला, यावर दोन ओळी नसतात. नाळ मात्र प्रत्येक लेखात. नानांचा राग निराळा होता. त्यांनी तो प्रसंग पाहिलेला नव्हता, ऐकलेलाच. पण कुणी सांगायला लागलं की ते मध्येच विचारत, “तेवढ्या वेळात ढोलकीवाला काय वाजवत व्हता?”

मला तो प्रश्न तेव्हा विनोदी वाटे.

एकदा श्रावणात त्यांनी मला एसटीने भीमाशंकरला नेलं. पायऱ्या उतरून गेलो, दर्शन झालं, आणि शनीच्या देवळासमोरच्या घंटेपाशी नाना अडकले. दोन खांबांमध्ये टांगलेली ती जड घंटा आपल्या घडणीची नाही, तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. मला शाळेतला इतिहास ताजा होता: १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावर आणल्या, त्यातली एक इथे दिली, एक वाईजवळ मेणवलीला आहे. मी हे धडाधड सांगितलं. नाना म्हणाले, “म्हंजी लुटीत आली बाई. मग हिला तिकडचंच गाणं येत असंल.” कुणीतरी टोल दिला. नानांनी घंटेच्या काठाला कान लावला आणि मागून माणसं ढकलत असताना तसेच उभे राहिले. “अजून हाय,” ते म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा, “अजून हाय.” एक बाई चिडून त्यांच्या अंगावर ओरडली.

परवा गेलो तेव्हा नाना खाटेवर, उशीला टेकून. मला पाहून म्हणाले, “आलास व्हय? बस. पाणी मागू नको, मला बघवत नाय.” आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. “चार तास म्हंजी अख्खा वग झाला की, गण-गवळणीसकट.” वृद्ध कलावंतांचं मानधन येतं, औषधात जातं. त्यात २०२४पर्यंत अ, ब, क असे वर्ग होते, राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक. नाना स्थानिक, महिना २,२५०. आता सरसकट ५,०००. वाढीचा आनंद आहे, पण तो क त्यांच्या मनातून गेलेला नाही. “माझी ढोलकी मंचरच्या पुढं ऐकू जात नव्हती का रं?”

डाव्या मनगटाच्या वर त्यांना फिस्टुला केलाय. धमनी शिरेला जोडतात, शीर फुगते, तिथून रक्त मशीनकडे जातं. त्या हातावर भार घ्यायचा नाही, दाब द्यायचा नाही. आणि ढोलकीचा घुमारा डाव्याच हाताचा. तळवा पुडीवर दाबून ओढला की निघतो तो. उजवा हात शाबूत आहे, पण नुसत्या उजव्याने काय होणार? मी चुकचुकलो तर त्यांनी माझी बोटं धरून त्या फुगलेल्या शिरेवर ठेवली. आत सतत थरथर चालू होती. ती रोज तपासायची असते, थांबली तर धावत दवाखाना गाठायचा. “कान लाव,” म्हणाले. मी वाकून कान लावला. खालच्या पट्टीतली घुंऽ घुंऽ, ठोक्यागणिक फुगणारी. नानांनी वरून विचारलं, “हाय ना अजून?”

मग त्यांनी मला वाजवायला बसवलं. मी वाजवलं, त्यांनी माझ्या डाव्या हाताला दोन शिव्या घातल्या, आणि बोलता बोलता गाडी पुन्हा विठाबाईंच्या त्या रात्रीवर आली. या वेळी त्यांच्याकडे उत्तर होतं. मशीनला पडल्या पडल्या जुळवलेलं असावं. “आधी हलगीवाल्याला पुढं सोडायचा. त्याचं त्यानं दमंपतुर वाजवू द्यायचं, आपण नुसता ठेका. मग जुगलबंदी. मग सोंगाड्याला डोळ्यानं बोलवायचं. बाई आत गेलीय हे पब्लिकला उमजलं की ढोलकीवाला मेला.” थोडं थांबून म्हणाले, “त्या रातीचं त्याला जादा काय दिलं असंल का रं?”

मी म्हटलं, गोष्टीत तसं काही येत नाही.

“नसंलच दिलं,” नाना म्हणाले, आणि आपल्याच एका जुन्या मालकावर घसरले. उचल किती घेतली होती, पावसाने बुडालेल्या खेळांचे किती कापले, हिशेब कसा चुकता झाला नाही. वर्तमानपत्राच्या कडेला आकडे लिही, असा हुकूम झाला. मी लिहू लागलो. बेरीज झाली तेव्हा नानांचंच मालकाला देणं निघत होतं. सून म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच निघतंय. नाना म्हणाले, तुला उचलीतलं काय कळतंय. दोघांचं जुंपलं ते दवाखान्याची गाडी दारात येऊन हॉर्न द्यायला लागली तरी मिटलं नव्हतं. नाना गाडीत बसतानाही सांगत होते की फलटणची रात्र मी दोनदा धरलीय.